पॅप स्मिअर ‘नॉर्मल’ आहे, मग रक्तस्राव का?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पॅप स्मिअर ही तपासणी करून घ्यावी, असे या सदरातून पूर्वी सांगितले आहे व ते आजही तितकेच खरे आहे. मात्र तपासणी करून घेणाऱ्या भगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो. मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात तो मी वरचेवर ऐकतो. ‘‘डॉक्टर, स्मिअर नॉर्मल आलाय. आता पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर नाही, हे नक्की ना?’’

याचे प्रामाणिक उत्तर असे, की धोका कमी झाला, पण संपला नाही. तो किती कमी झाला, हे कर्करोगाच्या प्रकारावर अवलंबून असते. गर्भाशयमुखाचा जो नेहमी आढळणारा कर्करोग आहे, तो वेळेवर ओळखण्यात स्मिअर चांगला उपयोगी पडतो. पण त्याच जागी होणारा दुसरा एक प्रकार आहे. तो ग्रंथींच्या पेशींपासून सुरू होतो आणि स्मिअरच्या हातून पुष्कळदा निसटतो. स्मिअर करूच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तपासणी कशासाठी आहे आणि कुठे अपुरी पडते, हे दोन्ही माहीत असले म्हणजे रिपोर्ट हातात पडल्यावर काय करायचे ते कळते.

मुखाची रचना

गर्भाशय साधारण उलट्या धरलेल्या नासपतीच्या आकाराचे असते. त्याचा खालचा निमुळता भाग योनिमार्गात उतरतो. हेच गर्भाशयमुख, बोलीभाषेत पिशवीचे तोंड. त्याला एक बाहेरची बाजू असते आणि आत गर्भाशयाकडे जाणारी सुमारे एक इंच लांबीची अरुंद नळी असते.

बाहेरच्या बाजूवर चपट्या पेशींचे अनेक थर असतात, जसे आपल्या गालाच्या आतल्या बाजूला असतात. आतल्या नळीला मात्र उभट पेशींचा एकच थर असतो. या पेशी चिकट स्राव तयार करतात, म्हणून त्यांना ग्रंथीच्या पेशी म्हणतात. हे अस्तर सपाट नसते. त्याला घड्या असतात आणि त्या घड्या खोल खोबणींसारख्या आत शिरलेल्या असतात.

या दोन प्रकारच्या पेशी जिथे मिळतात, त्या सीमेच्या आसपास बहुतेक कर्करोग सुरू होतात. तरुण वयात ही सीमा बाहेरच्या बाजूला असते व तपासताना डोळ्यांना दिसते. वय वाढते तशी, विशेषतः पाळी बंद झाल्यावर, ती नळीच्या आत सरकते.

चपट्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाला स्क्वॅमस कार्सिनोमा म्हणतात, तर ग्रंथीच्या पेशींपासून होणाऱ्याला अॅडिनोकार्सिनोमा. बायोप्सीच्या रिपोर्टवर हेच शब्द असतात, म्हणून ते लक्षात ठेवावेत. दोन्हींमध्ये पहिल्याचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. पाश्चात्त्य देशांत आज गर्भाशयमुखाच्या चार-पाच कर्करोगांपैकी एक ग्रंथीचा असतो, आपल्याकडे त्याहून कमी. पण आपल्या देशात २०२२ या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सव्वा लाखाच्या वर नव्या रुग्ण झाल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. त्यातला दहावा हिस्सा धरला तरी बारा हजारांहून अधिक स्त्रिया होतात. हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

ग्रंथीचा कर्करोग का निसटतो?

स्मिअरची कल्पना साधी आहे. गर्भाशयमुखावरून पेशी हलक्या हाताने खरवडून घ्यायच्या, काचेच्या पट्टीवर पसरायच्या आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. मूळचे ग्रीक असलेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत विकसित केली. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांनी १९४१ व १९४३ मध्ये ती जगापुढे मांडली. ‘पॅप’ हे त्यांच्याच नावाचे लघुरूप. ज्या देशांनी ठरावीक वर्षांनी प्रत्येक स्त्रीला बोलावून स्मिअर केला, तिथे चपट्या पेशींचा कर्करोग झपाट्याने खाली आला. ग्रंथीचा कर्करोग मात्र तसा खाली आला नाही. काही देशांत तरुण स्त्रियांमध्ये तो उलट वाढलेला दिसला. याची कारणे अशी आहेत.

पहिले कारण नमुन्याचे. लाकडी पट्टी मुखाच्या बाहेरच्या बाजूवर नीट फिरते, पण आतल्या नळीत फारशी शिरत नाही. नळीसाठी बारीक ब्रश वापरावा लागतो. आता बहुतेक ठिकाणी तो वापरतात व त्यामुळे नमुना सुधारला आहे. ओटा झाडला म्हणजे बोळ झाडला असे होत नाही, तसेच हे आहे.

दुसरे कारण जागेचे. ब्रश नळीत गेला तरी तो वरच्या पृष्ठभागावरून फिरतो. बिघडलेल्या पेशी एखाद्या खोल खोबणीत असतील, किंवा त्यांच्यावर चांगल्या पेशींचे आवरण असेल, तर त्या ब्रशला लागतच नाहीत. कधी कधी हे बदल एकाच जागी नसून नळीत तुटक तुटक पसरलेले असतात.

तिसरे कारण ओळखण्याचे. चपट्या पेशी बिघडल्या की त्यांचे केंद्रक मोठे व गडद होते आणि सरावलेल्या नजरेला ते चटकन दिसते. ग्रंथीच्या पेशींतले बदल सुरुवातीला सौम्य असतात. सूज असेल, तांबी बसवलेली असेल, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी नमुन्यात उतरल्या असतील, तर निरोगी पेशीही जवळपास तशाच दिसू शकतात. त्यामुळे कधी रोग असून ‘सूज’ असे लिहिले जाते, तर कधी नुसती सूज असून शंका घेतली जाते.

ही ओळख किती अवघड आहे, याचा दाखला वैद्यकाच्या इतिहासातच आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स नावाची तरुण स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारली. तिच्या गाठीतील पेशी आजही ‘हेला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. त्या वेळी गाठीचा तुकडा पाहून तिचा रोग चपट्या पेशींचा आहे असे लिहिले गेले. सुमारे वीस वर्षांनी जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्यावर तो ग्रंथीचा असल्याचे स्पष्ट झाले. पुढे त्याच पेशींत एचपीव्ही या विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. पुरता तुकडा हातात असताना असे होऊ शकते, तर ब्रशला लागलेल्या थोड्याशा पेशींवरून निदान करणे किती कठीण असेल, याची कल्पना करावी.

आकडे काय सांगतात?

स्मिअरच्या अचूकतेबद्दल दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. रोग असलेल्यांपैकी किती जणी तो पकडतो, हा पहिला. रोग नसलेल्यांपैकी किती जणींना तो उगाच घाबरवतो, हा दुसरा.

२००६ मध्ये युरोप व उत्तर अमेरिकेतील साठ हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या आधीचे मध्यम वा तीव्र बदल असलेल्या दर १०० स्त्रियांपैकी एका स्मिअरने सुमारे ५३ जणी ओळखल्या. एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने सुमारे ९६ ओळखल्या. उलट बाजूने पाहिले, तर असे बदल नसलेल्या १०० स्त्रियांपैकी स्मिअरने सुमारे ४ जणींवर, तर एचपीव्ही चाचणीने सुमारे ९ जणींवर विनाकारण शंका घेतली. म्हणजे स्मिअर कमी घाबरवतो, पण जास्त चुकवतो.

आता कोणी विचारील, की निम्म्याच जणी सापडत असतील तर स्मिअरने इतक्या देशांत कर्करोग कमी कसा केला? उत्तर पुनरावृत्तीत आहे. चपट्या पेशींचा रोग सावकाश, दहा-दहा वर्षे घेत वाढतो. एका वेळी दोघींपैकी एक निसटली, तरी दुसऱ्या वेळी उरलेल्यांपैकी निम्म्या सापडतात, तिसऱ्या वेळी पुन्हा निम्म्या. तीन फेऱ्यांनंतर आठांत एखादीच निसटते.

ग्रंथीच्या रोगात हे गणित नीट लागू पडत नाही. तिथे निसटणे हा केवळ नशिबाचा भाग नसतो. जी खोबणी पहिल्या वेळी ब्रशला लागली नाही, ती दुसऱ्या व तिसऱ्या वेळीही लागेलच असे नाही. म्हणूनच ‘तीनही स्मिअर नॉर्मल’ हा दिलासा चपट्या पेशींच्या बाबतीत जितका भक्कम आहे, तितका ग्रंथीच्या बाबतीत नाही.

आपल्या महाराष्ट्रातला पुरावा

या विषयात साऱ्या जगाला शिकवणारे काम आपल्याच राज्यात झाले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी तो मिळून केला. गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार भागांत विभागणी केली. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात स्मिअर, तिसऱ्यात अॅसेटिक अॅसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी एकदाच केली आणि पुढे आठ वर्षे लक्ष ठेवले.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते. एचपीव्ही गटात स्त्रिया थोड्या जास्त असूनही मृत्यू ३४ होते, म्हणजे जवळजवळ निम्मे. स्मिअरच्या व डोळ्यांनी तपासणीच्या गटांत मृत्यूंमध्ये ठामपणे सांगता येईल अशी घट दिसली नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. तपासणीत ‘काही नाही’ असे ठरलेल्या स्त्रियांपैकी किती जणींना नंतर कर्करोग झाला, हेही मोजले गेले. एचपीव्ही निगेटिव्ह स्त्रियांच्या तुलनेत स्मिअर नॉर्मल आलेल्या स्त्रियांत हे प्रमाण चौपटीहून अधिक होते. हे आकडे दोन्ही प्रकारचे कर्करोग मिळून आहेत. पण ‘नॉर्मल’ या शब्दाचे वजन चाचणीनुसार बदलते, हे त्यातून स्वच्छ दिसते.

दुसरे काम मुंबईचे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. अल्प प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, अॅसेटिक अॅसिड लावून तपासणी केली. तपासणी झालेल्या भागांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले व २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत वरदानच आहे. मात्र तीत जे डोळ्यांना दिसते तेच तपासले जाते. नळीच्या आतली जागा दिसत नाही, त्यामुळे ग्रंथीच्या रोगासाठी आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी तिचा उपयोग मर्यादित आहे.

खास ग्रंथीच्या कर्करोगाविषयीचा थेट पुरावा युरोपातून आला. स्वीडन, नेदरलँड्स, इंग्लंड व इटली येथील चार अभ्यासांतील १,७६,४६४ स्त्रियांची माहिती २०१४ मध्ये एकत्र मांडली गेली. स्मिअरच्या तुलनेत एचपीव्ही चाचणीने आक्रमक कर्करोगापासून ६० ते ७० टक्के अधिक संरक्षण दिले. हा फायदा ग्रंथीच्या कर्करोगात विशेष ठळक होता. विषाणूची चाचणी नेमकी बिघडलेली पेशी हातात येण्यावर अवलंबून नसते. आसपासच्या स्रावात विषाणूचे अंश असले तरी ती पॉझिटिव्ह येते. खोबणीतला रोग तिला सापडतो तो बहुधा यामुळेच.

एका रुग्ण भगिनीचे उदाहरण

घाटकोपरला राहणाऱ्या, सेहेचाळीस वर्षांच्या एक बाई ॲसिडिटीसाठी माझ्याकडे आल्या होत्या. फाइल व्यवस्थित लावलेली. चार वर्षांत दोन स्मिअर, दोन्ही नॉर्मल, शेवटचा सात महिन्यांपूर्वीचा. दोन्हींमध्ये नमुना पुरेसा असल्याची नोंद होती. हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून मी पाळीबद्दल विचारले. तेव्हा खाली मान घालून त्या म्हणाल्या, ‘‘पाळी बरी आहे, पण मध्येच डाग लागतो. संबंधानंतर तर नेहमीच. आणि पाण्यासारखं जातं, पॅड लावावं लागतं. रिपोर्टमध्ये काहीच नाही, मग बोलायचं कशाला म्हणून गप्प बसले. पाळी जायची वेळ आली असेल, असं वाटलं.’’

तपासणीत मुखाची बाहेरची बाजू स्वच्छ दिसत होती. तरीही तक्रार स्पष्ट असल्याने त्यांना त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. एचपीव्ही चाचणीत १८ क्रमांकाचा प्रकार निघाला. कॉल्पोस्कोप या भिंगाच्या यंत्रातून तपासून नळीच्या आतून खरवडून नमुना घेतला, तेव्हा ग्रंथीचा कर्करोग निघाला. नशिबाने तो पहिल्या टप्प्यात होता. शस्त्रक्रिया झाली आणि आज त्या नियमित तपासणीला येतात. आणखी वर्षभर त्या नॉर्मल रिपोर्टच्या भरवशावर गप्प राहिल्या असत्या, तर चित्र वेगळे दिसले असते.

या उदाहरणातून घ्यायचा धडा एकच. स्मिअर ही तक्रार नसलेल्या स्त्रीसाठीची चाळणी आहे. तक्रार असलेल्या स्त्रीचे निदान करण्याचे ते साधन नव्हे. लक्षण असेल, तर नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवून तपासणी झालीच पाहिजे.

कोणत्या तक्रारी अंगावर काढू नयेत?

शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणे, पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थोडेसे जरी रक्त दिसणे, पाण्यासारखा किंवा चिकट स्राव सतत व पुष्कळ जाणे, स्रावाला रक्ताची छटा वा दुर्गंधी असणे, ओटीपोटात किंवा कमरेत नवीन व न थांबणारे दुखणे. यांपैकी प्रत्येक तक्रारीला साधी कारणेही असतात आणि बहुतेक वेळा तीच निघतात. पण ती साधी आहेत हे तपासून ठरवायचे असते, घरी बसून नव्हे. अंगावरून पांढरे जाते म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून महिनोन् महिने घेणे तर अगदी टाळावे.

रिपोर्ट कसा वाचावा?

रिपोर्ट इंग्रजीत असतो, म्हणून चार शब्द ओळखून ठेवावेत. ‘एनआयएलएम’ म्हणजे कर्करोग वा त्याआधीचे बदल दिसले नाहीत. हाच आपला ‘नॉर्मल’.

‘अनसॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे नमुना वाचता आला नाही. हा नॉर्मल नव्हे. तपासणी पुन्हा करावी लागते.

‘एंडोसर्व्हायकल सेल्स अॅबसेंट’ असे लिहिले असेल, तर नळीच्या आतल्या पेशी नमुन्यात आल्या नाहीत. यात घाबरण्यासारखे काही नाही आणि रिपोर्ट वायाही गेलेला नसतो. पण नळीबद्दल तो फारसे सांगू शकत नाही, एवढे समजावे. वय तिशीच्या पुढे असेल तर एचपीव्ही चाचणी जोडावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

‘एजीसी’ किंवा ‘अॅटिपिकल ग्लँड्युलर सेल्स’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. शंभरात एखाद्या रिपोर्टवरही ते क्वचितच असतात. अर्थ असा, की ग्रंथीच्या पेशी वेगळ्या दिसल्या. अशा वेळी ‘सहा महिन्यांनी स्मिअर पुन्हा करू’ एवढ्यावर थांबू नये. ज्या चाचणीची नजर इथे अधू आहे, तिच्याकडेच पुन्हा जाण्यात अर्थ नाही. कॉल्पोस्कोपी व नळीतून खरवडून घेतलेला नमुना आवश्यक असतो. वय ३५ किंवा अधिक असेल, अथवा अनियमित रक्तस्राव असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचाही नमुना घेतात, कारण या पेशी वरून, गर्भाशयातूनही उतरलेल्या असू शकतात. पुष्कळ जणींच्या बाबतीत शेवटी काही गंभीर निघत नाही. तरीही तपास पूर्ण करावा.

‘एआयएस’ म्हणजे ग्रंथीच्या पेशी कर्करोगासारख्या झाल्या आहेत, पण अजून आपल्या जागीच आहेत. या टप्प्यावर मुखाचा शंकूच्या आकाराचा भाग काढून तपासतात आणि रोग पूर्णपणे बरा होऊ शकतो.

एचपीव्ही चाचणीबद्दल

गर्भाशयमुखाचे जवळजवळ सर्व कर्करोग एचपीव्ही या विषाणूच्या काही प्रकारांमुळे होतात. हे दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. चाचणीचा नमुना स्मिअरसारखाच घेतात. काही चाचण्यांसाठी स्त्रीला स्वतःही योनिमार्गातून काडीने नमुना घेता येतो. तपासणीच्या संकोचामुळे मागे राहणाऱ्या भगिनींसाठी ही मोठीच सोय आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यावरून घरात भांडणे झालेली मी पाहिली आहेत. एचपीव्ही हा अतिशय सर्वत्र आढळणारा विषाणू आहे. वैवाहिक जीवन सुरू झाल्यावर बहुतेक स्त्री-पुरुषांना तो केव्हा ना केव्हा होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींमध्ये तो वर्षानुवर्षे राहतो. त्यामुळे पॉझिटिव्ह रिपोर्टवरून नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वागण्याबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोगही नव्हे. पुढची तपासणी हवी, इतकाच त्याचा अर्थ.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. तिशीच्या आत विषाणू इतका सर्रास असतो, की चाचणीने गोंधळच वाढतो. शिवाय ग्रंथीच्या कर्करोगाचे काही थोडे उपप्रकार या विषाणूशिवाय होतात व त्यांत एचपीव्ही चाचणीही निगेटिव्ह येते. त्यांतल्या एकात पाण्यासारखा भरपूर स्राव हेच पहिले लक्षण असते. म्हणून वर सांगितलेला नियम इथेही कायम. तक्रार असेल तर कोणत्याही रिपोर्टवर विसंबू नये.

कोणी, केव्हा, कुठे?

वयाच्या तिसाव्या वर्षापासून पासष्टाव्या वर्षापर्यंत तपासणी करावी. परवडत असेल व उपलब्ध असेल, तर दर पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणी उत्तम. जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ पासून हिलाच पहिली पसंती देते. ती शक्य नसेल, तर दर तीन वर्षांनी स्मिअर. तोही शक्य नसेल, तर शासकीय कार्यक्रमातील अॅसेटिक अॅसिडची तपासणी. काहीच न करण्यापेक्षा यांतली कोणतीही एक शतपटीने चांगली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी केलेली होती. आपली खरी अडचण ही आहे.

आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात चौकशी करावी. ज्यांच्या मुली-सुना मुंबईत अंधेरी, बोरिवलीकडे राहतात, त्यांना विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपर-मुलुंडकडच्यांना राजावाडी ही महापालिकेची रुग्णालये जवळ आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोग प्रतिबंधाचा स्वतंत्र विभाग आहे. स्मिअरच्या आधी दोन दिवस योनिमार्गात औषध घालू नये, शरीरसंबंध टाळावा व पाळीचे दिवस सोडून जावे. मात्र अनियमित रक्तस्राव होत असेल, तर तो थांबण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

‘‘माझी पिशवी काढली आहे, मला तपासणी कशाला?’’ असेही विचारतात. काही शस्त्रक्रियांत पिशवी काढतात, पण तोंड तसेच ठेवतात. डिस्चार्ज कार्ड काढून पाहावे किंवा डॉक्टरांना दाखवावे. तोंड शिल्लक असेल तर तपासणी चालू ठेवावी.

घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर लसीचा विचार जरूर करावा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती १६ व १८ या प्रकारांपासून संरक्षण देते. विषाणूमुळे होणाऱ्या ग्रंथीच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य याच दोन प्रकारांमुळे होतात. जो रोग चाळणीतून निसटतो, तो मुळात होऊच न देणे हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवू नये.

लक्षात ठेवा

१. नॉर्मल स्मिअर म्हणजे धोका कमी, धोका शून्य नव्हे. ग्रंथीच्या कर्करोगाबाबत तर तो दिलासा आणखी कमी.

२. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर आधीचा रिपोर्ट कसाही असो, डॉक्टरांना दाखवा.

३. रिपोर्टवर ‘एजीसी’ असेल, तर केवळ पुन्हा स्मिअर पुरेसा नाही. कॉल्पोस्कोपीबद्दल विचारा.

४. तिशीनंतर शक्य असल्यास एचपीव्ही चाचणी करा. नसल्यास स्मिअर नियमित करा, एकदा करून थांबू नका.

५. नवीन रिपोर्ट आला तरी जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या.

घरातल्या पुरुषांनाही एक विनंती. बहुतेक घरांत बाईची तक्रार सर्वांत शेवटी ऐकली जाते आणि ‘‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना’’ या एका वाक्याने ती मिटवली जाते. पुढच्या वेळी ते वाक्य तोंडाशी आले, तर आधी विचारा, ‘‘तुला त्रास होतोय का?’’ होत असेल, तर त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.